झाडांनी सोडलेला ऑक्सिजन नेमका कशातला? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

वनस्पती कार्बन डायऑक्साइड आणि पाणी घेतात, सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने साखर तयार करतात आणि ऑक्सिजन बाहेर टाकतात, एवढे प्रकाशसंश्लेषण शाळेतच सर्वांना शिकवले जाते. मात्र हा ऑक्सिजन पाण्यातून सुटतो की कार्बन डायऑक्साइडमधून, याचा उलगडा होण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली, आणि त्याचा धागा ज्या जीवांमुळे हाती लागला ते स्वतः ऑक्सिजन सोडतच नाहीत.

मेणबत्ती जळून विझलेल्या बंद हवेत पुदिन्याची फांदी काही दिवस ठेवल्यास त्या हवेत मेणबत्ती पुन्हा जळू शकते, हे जोसेफ प्रीस्टली यांनी १७७१ मध्ये पाहिले. हवा अशी शुद्ध होण्यासाठी प्रकाश लागतो आणि हे काम वनस्पतीचे फक्त हिरवे भाग करतात, हे यान इंगेनहाउस यांनी १७७९ मध्ये दाखवले. पुढे सेनेबिए यांनी कार्बन डायऑक्साइडचा आणि १८०४ मध्ये द सोस्यूर यांनी पाण्याचा सहभाग सिद्ध केल्यावर कच्चा माल कोणता, एवढे निश्चित झाले.

त्यानंतर मात्र एक समजूत रूढ झाली. साखरेत हायड्रोजन आणि ऑक्सिजन पाण्यातल्याच प्रमाणात असतात. त्यामुळे प्रकाश कार्बन डायऑक्साइड फोडतो, त्यातला ऑक्सिजन बाहेर पडतो आणि उरलेला कार्बन पाण्याशी जोडला जातो, असे मानणे स्वाभाविक वाटले. हरितद्रव्यावरील संशोधनासाठी १९१५ चे नोबेल मिळालेल्या रिशार्ड विल्श्टेटर यांचाही कल याच बाजूला होता.

कॅलिफोर्नियातील हॉपकिन्स सागरी संशोधन केंद्रात काम करणाऱ्या कॉर्नेलिस व्हान नील या डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने ही समजूत हलवली. प्रकाश पोहोचणाऱ्या पण ऑक्सिजन नसलेल्या चिखलात व पाण्यात जांभळे आणि हिरवे गंधक-जीवाणू राहतात. ते प्रकाशाच्या बळावर कार्बन डायऑक्साइडपासून आपले अन्न बनवतात, पण पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात, आणि ऑक्सिजनऐवजी त्यांच्याकडून गंधक तयार होते. हे गंधक हायड्रोजन सल्फाइडमधूनच आलेले असणार, यात शंका नव्हती. मग तोच न्याय लावला, तर हिरव्या वनस्पतींचा ऑक्सिजन पाण्यातून यायला हवा, असे त्यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी मांडले. हा थेट पुरावा नव्हता, केवळ साधर्म्यावरून काढलेले अनुमान होते. तरीही प्रकाशसंश्लेषणाच्या इतिहासात इतके नेमके अनुमान क्वचितच आढळते.

पुढचा आधार केंब्रिजमधून मिळाला. पानांतून वेगळ्या काढलेल्या हरितलवकांना इलेक्ट्रॉन स्वीकारणारे लोहाचे संयुग दिल्यास प्रकाशात ऑक्सिजन सुटतो, त्यासाठी कार्बन डायऑक्साइडचे साखरेत रूपांतर व्हावे लागत नाही, हे रॉबर्ट हिल यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवले. त्यावरून ऑक्सिजन सुटणे आणि साखर बनणे ही एकाच प्रक्रियेची वेगळी करता येण्याजोगी अंगे ठरली. अखेर १९४१ मध्ये बर्कलीच्या सॅम्युअल रूबेन, मार्टिन केमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सिजन-१८ हा जड समस्थानिक वापरून क्लोरेला या शैवालावर प्रयोग केले. बाहेर पडलेल्या ऑक्सिजनमधील या समस्थानिकाचे प्रमाण पाण्यातील प्रमाणाशी जुळले, कार्बन डायऑक्साइड पुरवणाऱ्या क्षारांतील प्रमाणाशी नव्हे.

पाठ्यपुस्तकांतील समीकरणात पाण्याचे ६ रेणू दाखवले जातात; ते हिशेब म्हणून चुकीचे नाही, पण ऑक्सिजनचे ६ रेणू सुटायचे असतील तर पाण्याचे १२ रेणू फुटावे लागतात आणि ६ नव्याने तयार होतात, हे त्यातून कळत नाही.

पाणी फोडण्याचे हे काम मँगनीजचे ४ आणि कॅल्शियमचा १ अणू असलेल्या एका पुंजक्यावर चालते. त्याची अणुपातळीवरील सुस्पष्ट रचना जपानी संशोधकांनी २०११ मध्ये एका नीलहरित जीवाणूतील प्रथिनसंकुलात पाहिली. अशाच जीवाणूंच्या पूर्वजांनी पाणी फोडण्याची क्षमता मिळवल्यानंतर, सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वीच्या वातावरणात ऑक्सिजन साठू लागला.