सिंगापूरच्या फ्रेंच शाळेत प्रवेश: वय, भाषा आणि कागदपत्रे

बदली होऊन सिंगापूरला आलेली आणि मुलांना फ्रेंच अभ्यासक्रमात घालू पाहणारी मराठी कुटुंबे थोडी असली, तरी त्यांचे प्रश्न तेच असतात. अँग मो किओ भागातली इंटरनॅशनल फ्रेंच स्कूल ही तिथली मुख्य फ्रेंच शाळा. 1967 साली सुरू झालेली, पूर्वी लिसे फ्रांसे म्हणून ओळखली जाणारी.

आधी मुलाची इयत्ता नीट समजून घ्या, कारण घोळ बहुतेक तिथेच होतो. फ्रेंच पद्धतीत एका कॅलेंडर वर्षात, म्हणजे 1 जानेवारी ते 31 डिसेंबर या काळात जन्मलेली मुले एका वर्गात बसतात. ज्या वर्षी मूल तीन वर्षांचे होते, त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून ते बालवर्गात, म्हणजे 'पतीत सेक्सियों'त जाऊ शकते. 20 डिसेंबर 2022 चा जन्म असेल तर सप्टेंबर 2025, आणि 5 जानेवारी 2023 चा असेल तर सप्टेंबर 2026. दोन आठवड्यांच्या फरकाने एक वर्ष! पहिली, म्हणजे 'सेपे', सहाव्या वर्षी लागते.

बालवर्गात फ्रेंच येत नसले तरी मुले भाषा लवकर उचलतात. पहिलीनंतर मात्र अडचण वाढत जाते. ज्या शाळेला फ्रेंच शिक्षण मंत्रालयाची मान्यता आहे, तिथून आलेल्या मुलाला वरच्या वर्गात सरळ घेतात. इतर शाळांतून आलेल्याची साधारणपणे फ्रेंच आणि गणिताची चाचणी होते. ही मान्यता शाळेला सरसकट नसते, टप्प्याटप्प्याने असते: बालवर्ग, प्राथमिक, कोलेज (माध्यमिक, साधारण सहावी ते नववी), लिसे (उच्च माध्यमिक). आधीच्या शाळेकडे तुमच्या मुलाच्या टप्प्याची मान्यता आहे का, हे लेखी विचारून घ्या. आठवी-नववीत, फ्रेंच अजिबात येत नसताना, मुलाला तिकडे टाकू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे लिसेच्या शेवटची, आपल्या बारावीसारखी, बाकालोरेआची परीक्षा उभी असते.

कागदपत्रांत मुलाचा जन्मदाखला, मुलाचा आणि पालकांचा पासपोर्ट, मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तके, लसीकरणाची नोंद आणि फोटो लागतात. आधीची शाळा फ्रेंच असेल तर 'सर्तिफिका द रादियासियों' म्हणजे नाव काढल्याचा दाखला, आणि आपल्याकडची असेल तर शाळा सोडल्याचा दाखला. हा मूळ दाखला सहसा एकदाच मिळतो, म्हणून साक्षांकित प्रती काढून ठेवा. जन्मदाखल्यावर फक्त मुलाचे नाव आणि पासपोर्टवर वडिलांचे नाव व आडनाव, असे महाराष्ट्रातल्या अनेक घरांत असते. ते निघण्याआधीच दुरुस्त करा. परदेशात बसून महापालिकेत फेऱ्या मारता येत नाहीत.

सिंगापूरचे नियम वेगळे पाळावे लागतात. परदेशात जन्मलेल्या, 12 वर्षांपर्यंतच्या मुलांना दीर्घ मुदतीच्या पासचा, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याचा, अर्ज करण्याआधी घटसर्प आणि गोवर यांच्या लसींचा पुरावा तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेकडून तपासून घ्यावा लागतो. हा नियम 1 फेब्रुवारी 2019 पासून आहे. नोंद इंग्रजीत, तारखांसह हवी. मूल सिंगापूरचे नागरिक असेल तर शिक्षण मंत्रालयाची परवानगी लागते.

फी जास्त आहे. प्रवेश शुल्क वेगळे असते, तेव्हा कंपनी काय देणार हे आधी पक्के करा. फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती फक्त फ्रेंच नागरिकत्व असलेल्या मुलांना मिळते. तिचा अर्ज वाणिज्य दूतावासामार्फत, तेही तिथे नाव नोंदवलेले असेल तरच.

शाळेत पाऊल टाकल्यावर पालक म्हणूनही तुमचे काम सुरू होते. जानेवारीत फ्रेंच प्रथेप्रमाणे राजांचा केक कापतात, ज्याच्या तुकड्यात लपवलेली चिनी मातीची बाहुली निघेल तो त्या दिवसाचा राजा. अशा वेळी आईवडिलांनी जरूर जावे, फ्रेंच मोडकेतोडके असले तरी. फ्रेंच शाळांत पालकांचे प्रतिनिधी निवडून येतात. मतदान शाळा सुरू झाल्यावर लवकरच होते, आणि मत आई व वडील दोघांनाही असते. त्यासाठी फ्रेंच नागरिकत्वाची अट नाही.