मित्रमंडळींसाठी चॉकलेट टार्ट : घरी करणाऱ्यांसाठी थोडी माहिती

डिसेंबर लागला की आमच्या बेकिंग सामानाच्या दुकानाच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो, नाताळच्या सुट्टीत नाहीतर थर्टीफर्स्टला दहाबारा मित्र घरी येणारेत, केक तर नेहमीचाच झाला, दुसरं काय करू? आम्ही सगळ्यांना चॉकलेट टार्टच सांगतो, म्हणजे भाजलेल्या खुसखुशीत कवचात मऊ चॉकलेट भरलेलं, कारण तो आदल्या रात्रीच करून होतो आणि मंडळी जमल्यावर तुम्हाला किचनमध्ये अडकून पडावं लागत नाही. अंडं लागत नाही, जिलेटिन लागत नाही, त्यामुळे मार्गशीर्ष पाळणाऱ्या घरातही बिनधास्त करता येतो.

८ इंची टिनला मैदा १८० ग्रॅम, फ्रीजमधलं गार बटर १०० ग्रॅम, आयसिंग शुगर ४० ग्रॅम आणि गार दूध दोनतीन चमचे. आतल्या गनाशला, म्हणजे चॉकलेट आणि गरम क्रीमच्या मऊ मिश्रणाला, डार्क चॉकलेट ३०० ग्रॅम, फ्रेश क्रीम २०० मिली, बटर २५ ग्रॅम. टिन शक्यतो तळ सुटा निघणाराच घ्या, नाहीतर टार्ट बाहेर काढताना कडा तुटतातच.

आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चॉकलेट. टार्टमध्ये चव लपवायला दुसरं काहीच नसतं म्हणून पैसे वाचवायचे तर सजावटीत वाचवा, चॉकलेटमध्ये नको. पाकीट उलटं करून घटक वाचा, कोको बटर लिहिलेलं असेल तर ते खरं चॉकलेट, आणि हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट किंवा पाम तेल असेल तर ते कंपाउंड. कंपाउंड आम्हीही विकतो, केकवरच्या सजावटीला आणि साच्यातल्या चॉकलेटला ते सोयीचं आहे, पण कोको बटर अंगाच्या उष्णतेला विरघळतं आणि कंपाउंडमधलं फॅट तसं पटकन विरघळत नाही, मग गनाश खाल्ल्यावर टाळूला मेणचट थर राहतो. कोको ५० ते ५५ टक्के असलेलं घ्या. ७० टक्क्यांचं पुष्कळांना कडू लागतं, त्यात लहान मुलं असतील तर नकोच.

क्रीमचंही तसंच आहे. दुकानात मिळणारं २५ टक्के फॅटचं साधं फ्रेश क्रीम या प्रमाणाला चालतं. केकवर लावायचं नॉन-डेअरी व्हिप आधीच गोड असतं, ते यात घालू नका.

कवचासाठी मैदा, साखर आणि बटरचे तुकडे बोटांच्या टोकांनी चोळायचे, शंकरपाळ्याच्या मोहनासारखा मुटका वळला की थांबायचं. मग दूध घालून फक्त गोळा करा, मळू नका, मळलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि भाजताना कवच आक्रसतं. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून लाटा, टिनमध्ये बसवा, काट्याने टोचे मारा आणि परत पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये. ही दुसरी वेळ बरेच जण गाळतात आणि मग कडा खाली घसरल्या म्हणून विचारायला येतात. वर बटर पेपर घालून राजमा किंवा चवळी भरा, १८० डिग्रीवर गरम केलेल्या ओटीजीत (घरगुती इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये) पंधरा मिनिटं, मग कडधान्य आणि पेपर काढून अजून दहाबारा मिनिटं, तळ कोरडा आणि बदामी दिसेपर्यंत. फिकट तळ बाहेर काढू नका, तो गनाशखाली मऊ पडतो. मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शन मोडच लावा, धातूचा टिन साध्या मोडवर चालत नाही.

कवच पूर्ण गार झालं की गनाश. चॉकलेट बारीक चिरा, क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंतच गरम करा, उकळू नका, चॉकलेटवर ओता आणि दोन मिनिटं हात लावू नका. मग मधून सुरुवात करून हळूहळू बाहेर ढवळत या, सुरुवातीला डाग डाग दिसतील, घाबरू नका, थोड्या वेळात एकदम चकचकीत एकजीव होतं, तेव्हा बटर घाला. तेल सुटलेलं दिसलं तर एकेक चमचा कोमट दूध घालून ढवळा, बहुतेक वेळा जुळून येतं. भांडं आणि चमचा मात्र कोरडाच हवा, वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे दोन थेंब जरी गेले तरी ते घट्ट होऊन गुठळ्या धरतं.

फ्रीजमध्ये दोनतीन तासांत सेट होतो. खायच्या आधी अर्धा तास बाहेर काढा, थंडगार खाल्ला तर चॉकलेटचा वास जाणवतच नाही. सुरी गरम पाण्यात बुडवून पुसायची आणि कापायचं, प्रत्येक कापाला परत पुसायची, म्हणजे कडा स्वच्छ येतात. तुकडे बारीकच करा, ८ इंचीत बारा जण आरामात होतात.

लोणावळ्याला किंवा अलिबागला जमणार असाल तर भरलेला टार्ट गाडीतून न्यायच्या भानगडीत पडू नका. कवच टिनसकट डब्यात न्या, गनाशचं सामान वेगळं, तिथे फक्त गॅस आणि फ्रीज लागतो. कवच दोन दिवस आधी भाजून ठेवलं तरी हवाबंद डब्यात छान राहतं. भरलेला टार्ट फ्रीजमध्ये तीन दिवस, झाकून ठेवा कारण चॉकलेट लसणाचा, कांद्याचा वास लगेच धरतं. गहू आणि दूध दोन्ही आहे, कुणाला चालत नसेल तर पाहुण्यांना आधी विचारून घ्या.

चॉकलेट आम्ही सुटं वजनावर देतो, त्यामुळे ३०० ग्रॅमसाठी किलोचं पाकीट घ्यायची गरज नाही. सुट्या तळाचे टिन नाताळच्या आठवड्यात लवकर संपतात, तेव्हा फोन करून बाजूला ठेवायला सांगा.