तालुक्याच्या क्लासात ठरलेले शूटर : २००० ते २००९

२००० ते २००९ या दशकातले सर्वोत्तम फर्स्ट पर्सन शूटर (बंदूकधाऱ्याच्याच नजरेतून खेळायचे कॉम्प्युटर गेम) कोणते, असं जगात कुठेही विचारा. हाफ-लाइफ २, हेलो, बायोशॉक ही नावं हमखास येतात. दारव्हा, वरोरा, दर्यापूर, आर्वी अशा विदर्भातल्या गावांत त्या काळी वाढलेल्याला विचारलं तर तो आधी आयजीआय म्हणेल, मग काउंटर-स्ट्राइक. यात आवडीनिवडीचा भाग थोडा. गेम कोणत्या कॉम्प्युटरवर चालला आणि लाइन जायच्या आत किती खेळून झाला, यावर इकडची यादी बनली.

कॉम्प्युटर तालुक्यात आला तो खेळण्यासाठी नव्हे. २००१ मध्ये एमकेसीएल (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन) स्थापन झालं, पाठोपाठ एमएस-सीआयटी या कॉम्प्युटर कोर्सचे क्लास गावोगाव निघाले आणि सरकारी नोकरीची आशा असलेला जो तो तिथे फी भरू लागला. कापसाचे चुकारे हातात आले की एखाद्या घरीही मशीन यायची, पण ते अपवाद. क्लासातल्या मशीनना वेगळं ग्राफिक्स कार्ड नसे, इंटरनेट असलंच तर फोनच्या तारेवरचं. मात्र सगळ्या मशीन एकमेकींना केबलने जोडलेल्या असत, आणि पुढचा सगळा इतिहास त्या केबलवर घडला. सीडी नागपूर-अमरावतीहून यायच्या, बहुतेक राइट केलेल्या. कंपनीचा खरा डबा कुणी पाहिलेला नसायचा.

बंदुकीच्या मागून जग दाखवायची रीत त्याआधीच रुळली होती. आयडी सॉफ्टवेअरने १९९२ मध्ये वोल्फेन्स्टाइन थ्रीडी आणि १९९३ मध्ये डूम काढला. १९९८ च्या हाफ-लाइफने त्यात गोष्ट सांगायला सुरुवात केली. आपल्याकडे मात्र हा प्रकार पोचला तो थेट २००० सालच्या प्रोजेक्ट आयजीआयमधून.

नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजचा हा गेम. त्यांनी आधी लढाऊ विमानाचा सिम्युलेटर केला होता आणि त्याचंच सॉफ्टवेअर इंजिन इथे वापरलं. म्हणून आयजीआयमध्ये डोंगर, बर्फ आणि मोकळं रान कोसभर पसरलेलं दिसतं, आणि म्हणूनच ते बरंचसं रिकामंही वाटतं. गेमचा नायक डेव्हिड जोन्स हातातल्या यंत्रावर उपग्रहातून तळ पाहतो, कॅमेरे चुकवतो, तारेवरून घसरत जातो. अलार्म वाजला की बराकीतून सैनिक निघतच राहतात. इंग्रजी ब्रीफिंग न वाचताही काम भागायचं, हा मोठाच फायदा. खोट एकच, पण जबर: मिशनच्या मध्ये सेव्ह करायची सोय नाही.

ही खोट पुण्या-मुंबईत नुसती चिडचिड करणारी होती. आपल्याकडे तिच्यात भारनियमन मिसळलं. दशकाच्या उत्तरार्धात ग्रामीण भागात बारा-बारा तास लाइन नसायची. चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याची वीज आपल्याच अंगणात तयार होत असूनही. अर्धा तास दबकत जाऊन शेवटच्या गेटपाशी पोचावं आणि पंखा थांबावा. यूपीएस असायचा, पण त्याची बॅटरी कधीचीच उतरलेली. मग मिशन पुन्हा पहिल्यापासून. २००३ च्या आयजीआय २ मध्ये मध्येच सेव्ह करता येऊ लागलं, तरी लोकांच्या लक्षात राहिला तो पहिलाच.

काउंटर-स्ट्राइक या हवेत का तगला, तेही यातूनच कळतं. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघांनी १९९९ मध्ये हाफ-लाइफवर चढवलेला हा मॉड, म्हणजे तयार गेम बदलून केलेला नवा गेम. हाफ-लाइफच्या व्हॉल्व कंपनीने तो हाताशी धरून २००० मध्ये विक्रीला काढला आणि १.६ ही आवृत्ती २००३ मध्ये आली. ५०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि ९६ एमबी रॅम त्याला पुरायची. एक मशीन सर्व्हर केली की इंटरनेटची गरजच नाही. राउंड फार तर पाच मिनिटांचा, त्यामुळे लाइन गेली तर एक राउंड बुडायचा, सारी दुपार नाही. जो मेला तो राउंड संपेपर्यंत नुसता बघत बसणार, आणि खुर्चीमागे उभा असलेला पोट्टा “ऊठ बे, माही पाळी” म्हणणार. पहिल्या राउंडला खिशात ८०० डॉलर, एके-४७ ला २५००. हा हिशोब क्लासातल्या टॅलीपेक्षा लवकर पाठ व्हायचा. डस्ट टू या नकाशातल्या लांब गल्लीत एडब्ल्यूपी ही दुरून नेम धरायची बंदूक घेऊन दबा धरणाऱ्याला तेव्हाही शिव्याच पडत.

मेडल ऑफ ऑनर : अलाइड असॉल्ट (२००२) मधला ओमाहा बीचचा हल्ला आणि त्याच गेमच्या बऱ्याचशा मंडळींनी इन्फिनिटी वॉर्डमध्ये जाऊन केलेला कॉल ऑफ ड्यूटी (२००३) इकडेही चालले. बाकीची नामवंत मंडळी वेशीवरच थांबली. हेलो २००१ मध्ये एक्सबॉक्ससाठी निघाला. भारतात एक्सबॉक्स ३६० अधिकृतपणे आला तोच २००६ मध्ये. हाफ-लाइफ २ (२००४) विकत घेतला तरी स्टीम या व्हॉल्वच्या ऑनलाइन सेवेवर नोंदणीसाठी इंटरनेट हवं. गुरुत्वाच्या बंदुकीने वस्तू उचलून फेकायची त्यातली करामत पाहता मी त्यालाच दशकातला पहिला नंबर देईन, पण हे मत ज्याला तो खेळायला मिळाला त्याचं. बायोशॉक (२००७) समजायला पाण्याखालच्या शहरात सापडणारी इंग्रजी ध्वनिमुद्रणं ऐकत बसावं लागे. क्रायसिसबद्दल काय बोलावं. एक जीबी रॅम ही त्याची किमान मागणी, तेवढी तर क्लासातल्या चार मशीनची मिळून व्हायची.

कॉल ऑफ ड्यूटी ४ : मॉडर्न वॉरफेअर (२००७) लॅनवर, म्हणजे केबलने जोडलेल्या मशीनवर, खेळता येई, म्हणून नव्या मशीन घेतलेल्या कॅफेंत तो रुजला. २००९ च्या नोव्हेंबरात मॉडर्न वॉरफेअर २ आला तेव्हा पीसीवर लॅनची सोयच काढून टाकलेली होती. दुसऱ्याशी खेळायचं तर इंटरनेटवरूनच. तालुक्यात त्याची एकट्याने खेळायची कथा तेवढी फिरली, आणि चौघं-पाचजण जमले की पोट्टे पुन्हा १.६ च लावत.