जेटी सुधारण्याचा सरकारी निधी: अर्ज कुणाच्या नावाने करायचा आणि फाइल परत का येते

मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरच्या आसपास जातो. त्यामुळे एकाच उंचीवर बांधलेली जुनी जेटी दिवसातून दोनदा कामातून जाते. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ, त्याखाली चिखल, आणि होडीवाल्याने हात दिल्याशिवाय आजीबाईंना चढता येत नाही. पाँटून म्हणजे पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता धक्का, रेलिंग, निवारा, दिवे, स्वच्छतागृह या सोयींसाठी सरकारचा पैसा असतो. मढ-मार्वेपासून गोराईपर्यंतच्या संस्था तो मागतातही. तरी बहुतेक फायली पहिल्याच टेबलावरून परत फिरतात.

कारण साधे आहे. संस्था ठराव करते, लेटरहेडवर अर्ज लिहिते आणि सोबत पॅन कार्ड व बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स जोडते. सार्वजनिक जेटीचा पैसा संस्थेच्या खात्यात येत नसतो. तो अंमलबजावणी यंत्रणेकडे जातो, म्हणजे महाराष्ट्र सागरी मंडळ, सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा महापालिकेकडे. तुमच्या हातात आहे ते मागणीपत्र: ठराव, फोटो, रोजच्या प्रवाशांचा अंदाज आणि आमदार किंवा खासदाराचे शिफारसपत्र. पासबुक घरी ठेवा.

पैसा कुठून येतो? आमदारांचा स्थानिक विकास निधी आणि खासदार निधी, दोन्ही वर्षाला ५ कोटींचे, पण त्यावर गटारापासून व्यायामशाळेपर्यंत सगळ्यांचा डोळा. प्रादेशिक पर्यटन विकास योजना आहे. जिल्हा नियोजन समितीचा निधी आहे. मोठे काम असेल तर केंद्राची सागरमाला ही बंदरविकासाची योजना, पण तिथे सविस्तर प्रकल्प अहवाल सागरी मंडळच पाठवते. एक गोष्ट मात्र नीट पाहा. मुंबईत जिल्हे दोन आहेत. गेटवे आणि भाऊचा धक्का मुंबई शहरात. वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई उपनगरात, म्हणजे वांद्र्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे. फोर्टात दिलेला वर्सोव्याचा कागद आपणहून वांद्र्याला चालत जात नाही.

आता सगळ्यांना रडवणारा कागद. तपासणी यादीत लिहिलेले असते, ‘जागेचा सातबारा जोडावा’. ही यादी रस्ता आणि समाजमंदिर डोळ्यांपुढे ठेवून केलेली. भरती-ओहोटीच्या मधल्या जागेचा सातबारा कुठून आणायचा? एका संस्थेचे लोक या एका ओळीपायी चार महिने तलाठ्याकडे खेपा घालताना मी पाहिले आहेत. मुंबईत बहुतेक ठिकाणी सातबारा नव्हे, मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) चालते, तीही फक्त जमिनीवरच्या भागाची, म्हणजे पोचरस्ता, निवारा आणि शौचालय यांच्यापुरती. ती नगर भूमापन कार्यालयात मिळते. पाण्यातल्या भागासाठी जेटी कुणाच्या हद्दीत आहे याचे पत्र घ्या. बंदर प्राधिकरणाच्या हद्दीत असेल तर त्यांचे, नाहीतर सागरी मंडळाचे. आणि सातबाऱ्याच्या रकान्यात कोरे ठेवू नका. ‘भरतीरेषेखालील जागा, सातबारा नाही, हद्दीचे पत्र सोबत’ असे स्पष्ट लिहा. कोरा रकाना म्हणजे त्रुटी, आणि त्रुटी म्हणजे फाइल परत.

दुसरा अडथळा सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या केंद्राच्या नियमांचा. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे लागणारा नकाशा १:४००० प्रमाणातला हवा, त्यावर भरतीरेषा आणि ओहोटीरेषा हव्यात, आणि तो केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नेमलेल्या संस्थेनेच केलेला हवा. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातली संस्था त्यांपैकी एक. मोबाइलवरून काढलेला उपग्रहाचा फोटो लाल पेनाने रंगवून जोडणारे महाभाग कमी नाहीत. आपल्या कामाचा आराखडा त्याच नकाशावर बसवलेला लागतो, शिवाय सांडपाणी किंवा कचरा निघणार असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाचा ना हरकत दाखला. हा खर्च संस्थेने करू नये, यंत्रणेकडूनच मागावा. मागणीपत्रात उगाच ‘विस्तार’ हा शब्दही घालू नका. पायऱ्या आणि रेलिंगच हवे असेल तर ‘दुरुस्ती’ लिहा. जेटी लांबवायची म्हटले की मंजुरीचा सगळा पसारा अंगावर आलाच.

कांदळवन जवळ असेल तर आणखी जपून. उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार कांदळवनाभोवतीचे ५० मीटर संरक्षित पट्ट्यात येतात, आणि सार्वजनिक कामासाठी झाड तोडायचे तरी न्यायालयाची परवानगी लागते. पोचरस्ता दुसऱ्या बाजूने वळवणे शक्य असेल तर वळवा. फाइलची दोन वर्षे वाचतील.

मुदतीचा घोळ दरवर्षीचाच. ३१ मार्च ही अर्जाची शेवटची तारीख आहे असे समजून लोक मार्चच्या शेवटच्या आठवड्यात धावत येतात. ती पैसे खर्च करण्याची तारीख आहे, मागण्याची नव्हे. पुढच्या वर्षाच्या जिल्हा आराखड्याची जुळवाजुळव आदल्या पावसाळ्यानंतर सुरू होते. मागणी दिवाळीच्या सुमारास पोचलेली बरी. एप्रिलमध्ये दिलेला कागद वर्षभर कपाटात झोपतो, आणि तसे सांगायची तसदी कुणी घेत नाही.

‘प्रशासकीय मान्यता’ मिळाली की पेढे वाटू नका. त्यानंतर तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. पावसाळ्यात समुद्रात काम होत नाही. गेटवे-मांडव्यासारख्या प्रवासी बोटीही मेअखेरीपासून ३१ ऑगस्टपर्यंत बंद असतात. म्हणजे फेब्रुवारीत मान्यता मिळाली तर काम बहुधा दसऱ्यानंतरच.

देखभालीच्या हमीपत्राकडेही दुर्लक्ष होते. दिव्यांचे वीजबिल आणि शौचालयाची सफाई कोण करणार, हे लिहिलेले नसेल तर हरकत निघते. जमत नसेल तर संस्थेने हमी देऊ नये. बिल थकले की पुढच्या मागणीला तेच कारण पुढे येते.

होडी घ्यायची असेल तर हा निधी त्यासाठी नाही. होडीची नोंदणी आणि सर्वेक्षण २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली होते. महिलांना पर्यटन व्यवसायासाठी पर्यटन संचालनालयाची ‘आई’ योजना आहे. तिच्यात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचे व्याज सरकार परत करते. अनुदान नव्हे, व्याज.

फाइल कुठे अडली ते तोंडी विचारून कळत नाही. माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून ‘टिपणीसह फाइलची प्रत’ मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. टिपणीत नेमका कोणता कागद कमी आहे ते सापडते. बऱ्याचदा तो सातबाराच असतो.