परदेशात जन्मलेल्या मुलाचे नागरिकत्व: 2004 च्या अटीची पार्श्वभूमी

परदेशात काही वर्षे नोकरी करून ठाण्यात किंवा नवी मुंबईत परतलेल्या कुटुंबांच्या फायलीत मुलाच्या जन्माचे बहुधा दोन दाखले असतात. एक तिथल्या स्थानिक नोंदीचा आणि दुसरा भारतीय वकिलातीने दिलेला. पहिल्या दाखल्याने मूल कधी आणि कुठे जन्मले हे कळते. ते भारतीय आहे की नाही, हा प्रश्न दुसऱ्या दाखल्याशी जोडलेला आहे. मुलाचा जन्म 3 डिसेंबर 2004 किंवा त्यानंतरचा असेल, तर आई आणि वडील दोघेही भारतीय पासपोर्टधारक असूनसुद्धा वकिलातीतील नोंदीशिवाय ते वंशाधारे, म्हणजे आई-वडिलांच्या नागरिकत्वाच्या आधारावर, भारतीय नागरिक ठरत नाही. आई-वडिलांचे नागरिकत्व मुलाकडे आपोआप येते ही समजूत अनेक घरांत अजून पक्की आहे, आणि ती सर्वस्वी निराधारही नाही, कारण त्या तारखेपूर्वी बहुतेकांच्या बाबतीत कायदा तसाच होता.

वकिलातीतील नोंदीची कल्पना घटनेइतकीच जुनी आहे. अविभाजित भारतात स्वतःचा, आई-वडिलांचा किंवा आजी-आजोबांचा जन्म झालेला आहे, पण वास्तव्य परदेशात आहे, अशा व्यक्तींना त्या देशातील भारतीय प्रतिनिधीकडे नोंदणी करून नागरिक होण्याची वाट अनुच्छेद 8 ने खुली केली. पुढे 1955 च्या नागरिकत्व कायद्यातील कलम 4 ने परदेशात जन्मलेल्या मुलांसाठी कायमचा नियम घातला: 26 जानेवारी 1950 रोजी किंवा त्यानंतर परदेशात जन्मलेले मूल, जन्माच्या वेळी वडील भारतीय नागरिक असतील, तर भारतीय. नोंदणीची गरज फक्त एका परिस्थितीत होती. वडील स्वतःच वंशाधारे नागरिक असतील, तर मुलाचा जन्म एका वर्षाच्या आत वकिलातीत नोंदवावा लागे, किंवा मुदत उलटल्यावर केंद्र सरकारची परवानगी मिळवावी लागे. वडील सरकारी सेवेत असतील, तर तीही गरज नसे.

म्हणजे एका वर्षाची मुदत 2004 ची नाही, ती 1955 चीच आहे. फक्त ती दुसऱ्या पिढीसाठी होती. पूर्व आफ्रिकेत किंवा मलायात जन्मलेल्या आणि घटना लागू होताना भारतीय ठरलेल्या माणसाला याच कलमाने वंशाधारे नागरिक मानले होते, त्यामुळे त्याच्या मुलांना नोंद आवश्यक झाली. भारताशी प्रत्यक्ष संबंध न राहिलेल्या कुटुंबांत नागरिकत्व पिढ्यान्‌पिढ्या नुसते झिरपत राहू नये, असा त्यामागचा विचार दिसतो आणि तो समजण्यासारखा आहे. ठाण्याहून नोकरीसाठी गेलेला आणि भारतातच जन्मलेला माणूस मात्र या अटीच्या बाहेर होता.

या सगळ्या काळात आईचा उल्लेख नव्हता. भारतीय आई आणि परदेशी वडील यांचे परदेशात जन्मलेले मूल 1992 पर्यंत या कलमाखाली भारतीय होऊ शकत नव्हते. 10 डिसेंबर 1992 पासून ‘वडील’ या शब्दाच्या जागी आई-वडिलांपैकी कोणीही एक, असा बदल झाला. तो बदल मागील तारखेपासून लागू केला गेला नाही, म्हणून 1991 मध्ये जन्मलेल्या मुलाला आईचा आधार आजही मिळत नाही.

2003 ची दुरुस्ती संसदेत आली तेव्हा चर्चेचा रोख दुसरीकडे होता. परदेशस्थ भारतीय नागरिक, म्हणजे पुढचे ओसीआय, ही नवी श्रेणी आणि बेकायदा स्थलांतरितांची व्याख्या हे तिचे गाजलेले भाग होते. कलम 4 मधील बदल त्यांच्या सावलीत राहिला, पण नोकरीनिमित्त बाहेर राहणाऱ्या सामान्य कुटुंबाला सर्वांत जास्त तोच लागू पडला. दुरुस्ती 3 डिसेंबर 2004 रोजी अमलात आली आणि दुसऱ्या पिढीची अट सर्वांना लागू झाली. आता परदेशातील प्रत्येक जन्म वर्षाच्या आत वकिलातीत नोंदवायचा, मुदत गेल्यास केंद्र सरकारच्या परवानगीने नोंदवायचा, अन्यथा नागरिकत्व नाही. या नव्या परंतुकात, म्हणजे कलमाला जोडलेल्या अटीत, सरकारी सेवेतील पालकांसाठीची जुनी सवलतही दिसत नाही. पूर्वी नागरिकत्व आधी होते आणि कागद त्याचा पुरावा होता. 2004 नंतर कागद हीच नागरिकत्वाची अट झाली, आणि या बदलाचा जेवढा गाजावाजा व्हायला हवा होता तेवढा झाला नाही, असे म्हणणे भाग आहे.

त्याच दुरुस्तीने आणखी एक वाक्य घातले, आणि खरा वाद त्याचा आहे. मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे पालकांनी जाहीर केल्याशिवाय जन्म नोंदवला जात नाही. शब्द पासपोर्ट असा आहे, नागरिकत्व असा नाही. अमेरिकेत जन्मलेले मूल तिथल्या राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीनुसार जन्मतः अमेरिकी नागरिक असते, मग पासपोर्ट काढलेला असो वा नसो. न्यू जर्सीत एकाच आठवड्यात जन्मलेल्या दोन मुलांचा विचार करावा. एकाच्या पालकांनी आजी-आजोबांना भेटायला घाईने ठाण्याला यायचे म्हणून अमेरिकी पासपोर्ट काढला, दुसऱ्याच्या पालकांनी काढला नाही. अमेरिकी कायद्याच्या दृष्टीने दोघांत तसूभरही फरक नाही. भारतीय कायद्याच्या दृष्टीने दुसऱ्याची नोंद होऊ शकते, पहिल्याची होऊ शकत नाही.

हा निकष अगदी हवेतून आलेला नाही. प्रौढ व्यक्तीने परदेशी पासपोर्ट मिळवला, तर तो परकीय नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याचा निर्णायक पुरावा मानायचा, असा नियम 1956 च्या नागरिकत्व नियमांत होता आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो वैध ठरवला. आपल्याकडे पासपोर्टला हे वजन तेव्हापासून आहे. परंतु तो नियम स्वेच्छेचा होता, आणि तीन महिन्यांच्या बाळाच्या संदर्भात स्वेच्छा कोणाची मोजायची, हा प्रश्न 2004 च्या वाक्याने विचारलाच नाही. शिवाय त्याच दुरुस्तीने आणलेले कलम 4 (1अ) उलट दिशेने बोलते. या कलमान्वये भारतीय असलेले मूल दुसऱ्या देशाचेही नागरिक असेल, तर सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत त्याने ते दुसरे नागरिकत्व सोडावे, न सोडल्यास भारतीय नागरिकत्व जाईल, असे ते सांगते. बालपणातील दुहेरी नागरिकत्व कायद्याला मान्य आहे, पासपोर्टाची पुस्तिका तेवढी मान्य नाही. या दोन तरतुदी एकाच वेळी लिहिल्या गेल्या, हे वाचताना विश्वास बसत नाही.

अमेरिकी पासपोर्ट काढलेल्या मुलांच्या कुटुंबांनी साहजिकच ओसीआय कार्डाचा मार्ग धरला. पालकांपैकी एक जरी भारतीय नागरिक असला तरी अज्ञान मुलाला ते मिळू शकते. मात्र ओसीआय हे नागरिकत्व नव्हे. त्यात मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

आखातात हा पेच उलटा आहे. मुंब्रा, भिवंडी, पनवेल, उरण या पट्ट्यातून तिकडे गेलेल्यांची संख्या मोठी आहे आणि तिथे जन्मलेल्या मुलाला त्या भूमीकडून नागरिकत्व मिळत नाही. भारतीय नोंद झाली नाही, तर ते मूल कोणत्याच देशाचे राहत नाही. पण तिथे निवास परवान्यासाठी मुलाचा पासपोर्ट लगेच लागतो, संयुक्त अरब अमिरातीत तर जन्मापासून 120 दिवसांच्या आत, त्यामुळे वकिलातीची पायरी आपोआप चढली जाते आणि वर्षाची मुदत सहसा चुकत नाही. ज्यांना नोंदीची सर्वाधिक गरज, त्यांच्याकडून तिथला निवास कायदाच ती करवून घेतो.

परतलेल्या कुटुंबांची दिशाभूल मात्र आणखी एका कायद्यामुळे होते. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, 1969 च्या कलम 20 नुसार, कायम वास्तव्यासाठी भारतात परतलेल्या पालकांना परदेशात जन्मलेल्या मुलाचा जन्म, मूल भारतात आल्यापासून 60 दिवसांत, इथल्या निबंधकाकडे नोंदवता येतो. 60 दिवस उलटल्यास उशिराच्या नोंदणीची रीत लागू होते. ठाणे, नवी मुंबई किंवा पनवेल महानगरपालिकेचा असा दाखला हाती आला की काम झाले, असे वाटते. त्या दाखल्याने जन्माची नोंद होते, कलम 4 ची अट पुरी होत नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने त्या तारखेनंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखल्याला शाळाप्रवेश, मतदार यादी, पासपोर्ट, आधार अशा अनेक कामांत जन्मतारीख आणि जन्मस्थानाचा एकमेव पुरावा केले, त्यामुळे गैरसमज वाढण्याचीच शक्यता आहे. आधारचीही तीच गत. ऑगस्ट 2025 मध्ये ठाण्यातील एका जामीन अर्जावर उच्च न्यायालयाने आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र केवळ जवळ असल्याने कोणी नागरिक ठरत नाही, असे स्पष्ट केले. ते प्रकरण परदेशातून बेकायदा आल्याच्या आरोपाचे होते, पण सूत्र दोन्हीकडे सारखेच लागू पडते.

नोंद राहून गेली आणि मूल इथे आले, तर केंद्र सरकारच्या परवानगीने उशिराची नोंद करणे किंवा भारतीय नागरिकांच्या अज्ञान मुलांसाठी असलेल्या कलम 5 खाली नागरिक म्हणून नोंदणी मागणे, हे दोन मार्ग उरतात. कलम 5 चा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जातो. वाशी, नेरूळ, ऐरोली ठाणे जिल्ह्यात येतात, तर खारघर आणि कामोठे रायगडमध्ये, त्यामुळे एकाच नवी मुंबईत राहणाऱ्या दोन कुटुंबांपैकी एकाला ठाणे आणि दुसऱ्याला अलिबाग गाठावे लागते.

जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेत तात्पुरत्या व्हिसावरील पालकांच्या मुलांचे जन्मसिद्ध नागरिकत्व रोखणारा आदेश निघाला आणि न्यायालयांनी त्याची अंमलबजावणी थांबवली. तेव्हापासून तिथल्या भारतीय पालकांमध्ये वकिलातीतील नोंदीची चौकशी नव्याने सुरू झाली, तर नवल नाही. दरम्यान 2004 च्या अटीखाली नोंदवलेली पहिली मुले डिसेंबर 2022 पासून अठराची होऊ लागली आहेत. अमेरिकेत जन्मलेल्यांना कलम 4 (1अ) मधील सहा महिन्यांत तिथले नागरिकत्व सोडायचे झाल्यास अमेरिकेबाहेरील अमेरिकी वकिलातीतील अधिकाऱ्यासमोर स्वतः हजर राहून शपथ घ्यावी लागते. सहा महिन्यांच्या या मुदतीची नोटीस पालकांना कोणी पाठवत नाही. मुदत वाढदिवसापासूनच मोजली जाते.