प्रतिस्पर्धी आपल्याच संघातला

बेसबॉलमध्ये एखादा फलंदाज फारच धोकादायक वाटला, तर पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, त्याच्याशी खेळायचंच टाळू शकतो. त्याला फुकटात पहिल्या बेसवर जाऊ द्यायचं; अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये 2017 पूर्वी त्यासाठी चार चेंडू मुद्दाम आवाक्याबाहेर टाकावे लागत. होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) खाण्यापेक्षा हे परवडतं. 1961 च्या मोसमात न्यूयॉर्क यँकीजच्या रॉजर मॅरिसने 61 होमरन मारले आणि बेब रूथचा 1927 पासून टिकलेला 60 चा विक्रम मोडला. त्या अख्ख्या मोसमात एकाही पिचरने त्याला असं मुद्दाम सोडलं नाही. एकदाही नाही.

याचं कारण मॅरिसच्या पाठोपाठ फलंदाजीला येणारा मिकी मँटल. मॅरिसला सोडलं की बेसवर एक माणूस उभा, आणि समोर त्याच्याइतकाच जबरदस्त फलंदाज. त्यापेक्षा मॅरिसशी दोन हात केलेले बरे, असा हिशेब प्रत्येक संघाने केला. गंमत अशी की रूथच्या विक्रमामागे मँटलही लागलेला होता. सप्टेंबरमध्ये आजारपणाने तो 54 वर अडकेपर्यंत दोघांचे आकडे रोज सकाळी वर्तमानपत्रात शेजारी शेजारी छापून येत होते. म्हणजे मॅरिसचा सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी केवळ त्याच्यामागे उभा राहून त्याला मारता येण्याजोगे चेंडू मिळवून देत होता.

हा निव्वळ योगायोग नव्हता, याचा पुरावा पुढच्याच वर्षी मिळाला. मे 1962 मध्ये मँटल जखमी होऊन बाहेर बसला आणि काही दिवसांतच एका सामन्यात मॅरिसला चार वेळा मुद्दाम सोडून देण्यात आलं. (आकडेशास्त्रज्ञांनी पुढे या ‘पाठीमागच्या आधारा’ची बरीच चिरफाड केली. त्यांच्या मते मागे तगडा फलंदाज असल्याने पुढच्याचे फटके फारसे सुधारत नाहीत. त्याला सोडून देण्याचं प्रमाण मात्र खरोखर घटतं. विक्रमाच्या मागे असलेल्या माणसाला तेवढंही पुष्कळ.)

त्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रांना हवं होतं भांडण. मँटल हा प्रेक्षकांचा जुना लाडका आणि मॅरिस बाहेरून आलेला, तुसडा, पत्रकारांशी जेवढ्यास तेवढं बोलणारा. दोघांत बोलणं नाही, अशा बातम्या येत राहिल्या. प्रत्यक्षात दोघं बॉब सर्व्ह या तिसऱ्या सहकाऱ्याबरोबर क्वीन्समधल्या एकाच फ्लॅटमध्ये राहत होते. ताण होता, पण तो विक्रमाचा आणि त्याभोवतीच्या गदारोळाचा. मॅरिसचे केस पुंजक्या-पुंजक्यांनी गळायला लागले होते.

मैत्री आणि चुरस यांतली एक वाढली की दुसरी कमी होणारच, असं आपण गृहीत धरतो. संशोधन पाहिलं तर ते तसं वाटत नाही. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, शरीरावर आणि मनावर वेगवेगळ्या वाटांनी काम करतात, आणि एकाच माणसाबद्दल दोन्ही एकाच वेळी पुरेपूर असू शकतात.

आधी चुरशीचं पाहू. अमेरिकेतल्या नॉर्मन ट्रिप्लेटने 1898 मध्ये सायकलशर्यतींच्या नोंदी चाळल्या. एकट्याने घड्याळाविरुद्ध सायकल मारणाऱ्यांपेक्षा पुढे वेग ठरवून देणारा कुणी असलेले, किंवा इतरांशी झुंजणारे सायकलस्वार स्पष्टपणे वेगवान होते. मग त्याने 40 मुलांना मासेमारीच्या गळाची चकरी फिरवायला लावली, एकदा एकट्याने आणि एकदा जोडीने. क्रीडा मानसशास्त्राची सुरुवात या प्रयोगापासून झाली, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. मात्र मुलांचे ते आकडे आधुनिक गणिताने पुन्हा तपासले, तेव्हा फरक अगदीच तोकडा निघाला. सायकलींच्या बाबतीत ट्रिप्लेट बरोबर होता, पण तिथे मानसशास्त्राइतकाच वाटा वाऱ्याचा होता.

धावणाऱ्यालाही वारा अडवतो. ग्रिफिथ प्यू हे 1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेचे शरीरशास्त्रज्ञ. 1971 मध्ये त्यांनी मोजून दाखवलं की मध्यम पल्ल्याच्या शर्यतीच्या वेगाने दुसऱ्याच्या मागे एक मीटरवर धावलं, तर ऑक्सिजनचा खर्च सुमारे साडेसहा टक्क्यांनी कमी होतो. विक्रम अनेकदा एका टक्क्याहून कमी फरकाने मोडतात, हे लक्षात घेतलं म्हणजे या आकड्याची किंमत कळते. अर्थात पुढचा धावपटू मित्र आहे की शत्रू, याच्याशी वाऱ्याला देणंघेणं नाही.

मनाचं तसं नाही. 2012 मधल्या एका प्रयोगात सायकलपटूंना पडद्यावर त्यांचीच एक प्रतिमा दाखवली. हा तुमचा आधीचा सर्वोत्तम प्रयत्न आहे, त्याच्याबरोबर राहा, असं त्यांना सांगितलं गेलं. प्रतिमा मात्र गुपचूप दोन टक्के जास्त ताकदीने चालवली होती. त्यांनी तिला गाठलं, म्हणजेच स्वतःच्या ‘कमाल’ मर्यादेपलीकडे गेले. मेंदू शरीराचा थोडा साठा राखून ठेवतो आणि समोर दिसणारा माणूस तो थोडा सैल करायला लावतो, असा याचा अर्थ लावला जातो. समोरचा नेहमीचा, बरोबरीचा, वारंवार गाठ पडणारा प्रतिस्पर्धी असेल, तर परिणाम आणखी ठळक होतो. गॅव्हिन किल्डफ यांनी एका धावण्याच्या क्लबच्या अनेक वर्षांच्या निकालांवरून दाखवलं की असा प्रतिस्पर्धी त्याच शर्यतीत असेल, तर माणूस किलोमीटरमागे सुमारे पाच सेकंद वेगाने धावतो. आता बरोबरीचा आणि रोज गाठ पडणारा माणूस सगळ्यात जास्त कुठे सापडतो? आपल्याच संघात.

आता सोबतीचं. 1926 च्या सुमारास ऑटो क्योलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बर्लिनमधल्या एका रोइंग क्लबच्या गड्यांना वजन उचलत राहायला लावलं. आधी एकेकट्याने, मग दोघांत मिळून दुप्पट वजन. जोडीतला एक थकला की दुसऱ्याला ते एकट्याने पेलणं शक्य नव्हतं, त्यामुळे निकाल कमी ताकदीच्या गड्यावर ठरायचा. हाच गडी एकटा असताना जितका टिकला, त्याहून जोडीत जास्त टिकला. माझ्यामुळे याचं नुकसान नको, ही जाणीव स्नायूंपर्यंत पोचत होती. दोघांच्या ताकदीत मध्यम फरक असेल तेव्हा परिणाम सर्वाधिक होता. फारच फरक असेल तर कमजोर गडी हात टेकतो, आणि दोघे अगदी सारखे असतील तर कुणालाच कुणाची भीड नसते. जलतरणाच्या रिलेतही हे सापडलं आहे. वैयक्तिक शर्यतीपेक्षा रिलेत, विशेषतः शेवटच्या टप्प्यांवर, जलतरणपटू वेगाने पोहतात, आणि हा फरक रिलेत मिळणारी सुरुवातीची सवलत वजा करूनही उरतो. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या जेसन लेझॅकने रिलेचे शेवटचे शंभर मीटर 46.06 सेकंदांत कापून फ्रान्सच्या आलँ बेर्नारला गाठलं. त्याच्याच संघातल्या मायकेल फेल्प्सचं आठ सुवर्णपदकांचं स्वप्न तिथे 0.08 सेकंदांनी वाचलं.

उलट उदाहरणही प्रसिद्ध आहे. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढणाऱ्यांची ताकद मोजली, तर माणसं वाढतील तसा प्रत्येकाचा जोर कमी होत गेला. दोरीवर कुणी किती ओढलं ते दिसत नाही. रिलेत मात्र प्रत्येकाची वेळ फलकावर झळकते. म्हणूनच सोबतीचा फायदा हवा असेल, तर ज्याचं त्याचं काम वेगळं दिसलं पाहिजे.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो ऑक्सफर्डच्या रोइंग संघावरचा छोटा अभ्यास. बारा गडी, तेच यंत्र, तोच 45 मिनिटांचा सराव, एकदा एकट्याने आणि एकदा गटाने मिळून. मिळून सराव केल्यानंतर त्यांची वेदना सोसण्याची मर्यादा बरीच जास्त वाढलेली आढळली. संशोधकांनी याचं श्रेय एंडॉर्फिन या शरीरातल्या नैसर्गिक वेदनाशामक रसायनांना दिलं. बारा जणांवरून फार उड्या मारू नयेत, पण एकत्र घाम गाळणाऱ्यांना हे पटायला अभ्यासाची गरजही नाही.

मग बिघडतं कुठे? अब्राहम टेसर या मानसशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात याची चांगली मांडणी केली. जवळच्या माणसाचं यश माझ्या क्षेत्राबाहेरचं असेल, तर मी त्यात मिरवतो. तेच माझ्या क्षेत्रातलं असेल, तर जितका तो जवळचा तितकं ते जास्त बोचतं. शब्द ओळखण्याच्या एका खेळात, ही बुद्धीची महत्त्वाची चाचणी आहे असं सांगितल्यावर लोकांनी परक्यांपेक्षा मित्रांनाच अवघड खुणा दिल्या. 1986 च्या तूर द फ्रान्स या सायकलशर्यतीत हेच सगळ्या जगाने पाहिलं. बेर्नार इनोच्या नावावर पाच विजेतेपदं होती; सहावं मिळालं असतं तर तो विक्रम त्याच्या एकट्याचा झाला असता. आदल्या वर्षी संघातल्या ग्रेग लेमाँडने स्वतःची संधी बाजूला ठेवून त्याला जिंकू दिलं होतं आणि पुढच्या वर्षी मी तुझ्यासाठी राबेन, असा शब्द इनोने दिला होता. प्रत्यक्षात तो पुन्हा पुन्हा हल्ले करत राहिला. आल्प द्युएझच्या माथ्यावर दोघांनी हातात हात घालून रेषा ओलांडली, आणि लगेच इनोने सांगितलं की शर्यत अजून संपलेली नाही. लेमाँड अखेर 3 मिनिटं 10 सेकंदांनी जिंकला.

बर्लिनच्या 1936 च्या ऑलिंपिकमध्ये शुहेइ निशिदा आणि सुएओ ओए या दोन जपानी बांबूउडीपटूंनी दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकासाठी आपसांत झुंजायला नकार दिला. पुढे त्यांनी रौप्य आणि कांस्य पदक अर्धं अर्धं कापून जोडून घेतलं. ते करणं शक्य होतं. सहाव्या तूरचे दोन तुकडे करता आले नसते.

मॅरिस-मँटलचं तसं का झालं नाही? माझा अंदाज असा की मँटलला मँटल होण्यासाठी तो विक्रम लागत नव्हता. तो आधीच संघाचा राजा होता. शिवाय दोघांचे होमरन यँकीजच्याच खात्यात जमा होत होते. त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूचा मान मॅरिसने 202 विरुद्ध 198 अशा मतगुणांनी मँटलकडून हिसकावला, तरी वैर उगवलं नाही. शरीरसुद्धा ‘आपला’ आणि ‘परका’ यांत भेद करतं, असे संकेत आहेत. व्हिडिओगेम खेळणाऱ्या पुरुषांच्या एका छोट्या प्रयोगात परक्या संघावर मात करताना विजयात मोठा वाटा असलेल्यांचं टेस्टोस्टेरॉन वाढलं, पण स्वतःच्या संघातल्यांशी झुंजताना वरचढ ठरलेल्यांत ही वाढ दिसली नाही.

चुरस आणि सोबत एकाच माणसात कशी नांदते, हे क्रिस चॅटवेपेक्षा चांगलं कुणी दाखवलं नसेल. 6 मे 1954 ला ऑक्सफर्डमध्ये रॉजर बॅनिस्टरने चार मिनिटांच्या आत मैल पूर्ण केला, 3 मिनिटं 59.4 सेकंदांत. आधी क्रिस ब्रॅशर आणि मग चॅटवे त्याच्या पुढे वेग राखत धावले. शेवटच्या फेरीत बॅनिस्टर चॅटवेला मागे टाकून सुटला. ऑस्ट्रेलियाचा जॉन लँडी तेव्हा वारंवार 4 मिनिटं 2 सेकंदांच्या आसपास अडकत होता, कारण त्याला पुढेही कुणी नसे आणि मागेही. जूनमध्ये तो फिनलंडमध्ये तुर्कूला धावला, तेव्हा शर्यतीत चॅटवे होता. या वेळी तो कुणाचा वेग राखायला नव्हे, तर जिंकायला उतरला होता आणि शेवटच्या फेरीपर्यंत लँडीच्या मागे चिकटून राहिला. लँडीने 3 मिनिटं 58 सेकंद अशी वेळ नोंदवली. मित्राला विक्रम मिळवून द्यायला मदत करणाऱ्या चॅटवेने 46 दिवसांत तो मोडायलाही हातभार लावला होता. ऑक्टोबरमध्ये त्याने सोव्हिएत संघाच्या व्लादिमिर कुट्सला हरवून 5,000 मीटरचा जागतिक विक्रम स्वतःच्या नावावर केला.