सत्तरीत काम कोण करतं? तब्येत, पैसा आणि एक फसवं गणित

पंचाहत्तरीचे आजोबा भर उन्हात औत हाकतायत, असा व्हिडिओ दर महिन्या-दोन महिन्यांनी फिरतो. खालचा मजकूर ठरलेला असतो: कष्ट करणारा माणूस आजारी पडत नाही, खुर्चीवर बसलेला लवकर जातो. त्याच फोनवर उलट सांगणारा एक तक्ताही येतो. बोइंग कंपनीतले जे लोक पन्नाशीत निवृत्त झाले ते ऐंशीपार जगले आणि पासष्टीला निवृत्त झालेले दीड-दोन वर्षांत गेले, असं त्यात म्हटलेलं असतं. बोइंगने हा तक्ता खोटा असल्याचं केव्हाच जाहीर केलं आहे, तरी तो फिरतोच. दोन्ही संदेश एकच गोष्ट गृहीत धरतात: काम हे कारण आणि तब्येत हा परिणाम. प्रत्यक्षात बाण बऱ्याचदा उलटा असतो, आणि तो कुठे वळतो हे पैसा ठरवतो.

हे आकड्यांनी करून पाहू. आकडे मानलेले आहेत, गणित मात्र खरं आहे. साठीचे 1000 लोक घ्या, सगळे आज कामावर आहेत. 700 धडधाकट, 300 आजारी. पुढच्या पाच वर्षांत धडधाकटांपैकी 5 टक्के आणि आजाऱ्यांपैकी 30 टक्के मरण पावतील. कामाचा मृत्यूवर काडीचाही परिणाम होत नाही, असं मुद्दाम धरू. आता आजाऱ्यांपैकी 200 जण काम सोडतात, कारण झेपत नाही. धडधाकटांपैकी 100 जण सोडतात, कारण पुरेसं कमावून झालं.

कामावर उरले 600 धडधाकट आणि 100 आजारी. त्यांच्यातले मृत्यू 30 अधिक 30, म्हणजे 700 पैकी 60, सुमारे 8.6 टक्के. घरी बसले 100 धडधाकट आणि 200 आजारी. त्यांच्यातले मृत्यू 5 अधिक 60, म्हणजे 300 पैकी 65, सुमारे 21.7 टक्के. घरी बसलेले अडीच पटीने जास्त मेले! बातमी तयार: 'काम सोडलं की आयुष्य घटतं.' आणि आपण तर कामाचा परिणाम शून्य धरला होता. फरक आला तो फक्त कोण गाळलं गेलं यातून. इंग्लंडमध्ये विल्यम ऑगल यांनी 1885 सालीच हे हेरलं होतं. अंगमेहनतीच्या धंद्यातून अशक्त माणसं आपोआप बाहेर पडतात, म्हणून तो धंदा कागदावर आरोग्यदायी दिसतो.

आता याच गणितात पैसा घाला. समजा हे 1000 लोक गरीब आहेत, आणि 300 आजाऱ्यांपैकी फक्त 50 जणांनाच काम सोडणं परवडतं. बाकी काहीही बदलू नका. कामावर 600 धडधाकट आणि 250 आजारी. मृत्यू 30 अधिक 75, म्हणजे 850 पैकी 105, सुमारे 12.4 टक्के. घरी 100 धडधाकट आणि 50 आजारी; मृत्यू 5 अधिक 15, म्हणजे 150 पैकी 20, सुमारे 13.3 टक्के. फरक जवळजवळ पुसला गेला. एकूण मृत्यू दोन्ही वेळा 125च. लोक तेच, आजार तेच. फक्त आजाऱ्याला घरी बसायची सोय राहिली नाही, आणि काम व तब्येत यांचं नातं आकड्यांतून गायब झालं. औत हाकणारे ते आजोबा धडधाकट असतील, किंवा त्या 250 आजाऱ्यांपैकी एक असतील. व्हिडिओवरून ते कळत नाही.

मराठवाड्यातल्या ऊसतोडीत हे उघड दिसतं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मुकादम उचल देतो आणि ती तोडलेल्या उसाच्या टनांवर फिटते. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची असते. गुडघा गेला की सर्वात आधी अडतं ते याच फळीवर. पण खाडा केला तर पैसे कापले जातात, आणि उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे तो गुडघा दुखत असतानाच चढतो, आणि पाहणीत त्याच्या नावापुढे 'कार्यरत' अशी नोंद होते.

म्हणून तब्येत विचारून भागत नाही, मोजावी लागते. 'तब्येत कशी आहे?' या प्रश्नाला काम सोडलेला माणूस कारण म्हणून दुखणं सांगतो. ज्याला सोडणं परवडत नाही तो 'बरं आहे' म्हणतो. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 'लासी' या पाहणीच्या पहिल्या फेरीत, 2017-18 मध्ये, पंचेचाळिशीपुढचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून 72 हजारांहून जास्त जणांना गाठलं. त्यात रक्तदाब, फुप्फुसांची क्षमता, चालण्याचा वेग आणि हाताची पकड प्रत्यक्ष मोजली. पकड मोजायला डायनॅमोमीटर वापरतात: कोपर अंगाजवळ, काटकोनात, आणि मूठ जमेल तेवढी जोरात आवळायची. आशियातल्या लोकांसाठी 2019 मध्ये ठरलेल्या निकषांनुसार पुरुषाची पकड 28 किलोपेक्षा किंवा बाईची 18 किलोपेक्षा कमी असली, तर स्नायूंची ताकद घटली आहे असं धरतात. नुसत्या मुठीवरून एवढं का कळतं? वयाबरोबर पाठीच्या कण्यातल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात. त्यांचे पोरके स्नायुतंतू शेजारच्या चेतापेशी सांभाळतात, पण त्या बहुधा संथ जातीच्या असतात, आणि झटक्याने जोर लावणारे तंतू आधी कमी होतात. म्हणून दंड तेवढाच दिसला तरी ताकद उतरलेली असते.

लासीत साठीपुढचे सुमारे 36 टक्के लोक काम करत होते: पुरुषांपैकी निम्मे, बायकांपैकी पाचातली एक. अमेरिकेत साठीनंतर टिकतात ते प्रामुख्याने शिकलेले, टेबलावरचं काम करणारे. आपल्याकडे शेतमजूर आणि अल्पभूधारक. साठीपुढच्या तीन-चतुर्थांशांहून जास्त भारतीयांना कसलंच निवृत्तिवेतन नाही, त्याचा हा परिणाम.

एकाच माणसाला वर्षानुवर्षं परत परत मोजलं, तर थोडं पुढे जाता येतं. अमेरिकेत 1992 पासून दर दोन वर्षांनी असं मोजतात. माणसाची तुलना त्याच्याच मागच्या फेरीशी केली, की बालपणीचं पोषण, जात, शिक्षण अशा न बदलणाऱ्या गोष्टी वजाबाकीत निघून जातात. पण दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात पकडही उतरली आणि कामही सुटलं, तर आधी काय झालं? ते वजाबाकी सांगत नाही. त्यासाठी पैसा किंवा तब्येत यांपैकी एकच गोष्ट बाहेरून बदलावी लागते.

पैसा ब्राझीलमध्ये बदलला. 1991 च्या कायद्याने ग्रामीण पुरुषांचं निवृत्तिवेतनाचं वय 65 वरून 60 वर आलं, आणि रक्कम पूर्ण किमान वेतनाएवढी झाली. काम सोडण्याची अट नव्हती. तरीही नव्याने पात्र ठरलेल्या पुरुषांपैकी पुष्कळांनी काम सोडलं. त्यांची तब्येत काही एका रात्रीत बिघडली नव्हती. थांबायची इच्छा होती, सोय नव्हती. आपल्याकडे श्रावणबाळ योजनेत 65 वर्षांपुढच्या निराधारांना महिना 1,500 रुपये मिळतात. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला 2024-25 चा दर दिवसाला 297 रुपये होता. म्हणजे महिन्याचं निवृत्तिवेतन ही जेमतेम पाच दिवसांची मजुरी. एवढ्या पैशात औषधं येतील, पण औत सुटणार नाही.

तब्येत बदलून पाहण्याचा उत्तम प्रयोग आसामच्या चहामळ्यांतला, 2018 साली प्रसिद्ध झालेला. चाळिशीपुढच्या 751 कामगारांतून चिठ्ठ्या टाकावं तशी निवड करून निम्म्यांना जवळचं दिसायचा चष्मा लगेच दिला, उरलेल्यांना प्रयोग संपल्यावर. चष्मेवाल्यांची पानखुडणी इतरांपेक्षा सुमारे 22 टक्क्यांनी जास्त वाढली. मजुरी वजनावर असेल तिथे याचा थेट अर्थ पैसा. चाळिशीत डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि जवळच्या वस्तूसाठी फुगू शकत नाही. ही उणीव साधं बहिर्गोल भिंग भरून काढतं. नंबर साधारण +1 पासून सुरू होतो आणि साठीपर्यंत +2.5 च्या आसपास थांबतो. शिवण, निवडण-टिपण, भाजीची जुडी बांधणं, मोबाइलवर हजेरी पाहणं, सगळं या एका चष्म्यावर अडतं. नंबर बदलूनही धूसरच दिसत असेल, रात्री दिव्याभोवती वलय दिसत असेल, तर पुन्हा चष्मा बदलण्यात पैसे घालवू नयेत. तो मोतीबिंदू असण्याची शक्यता मोठी, आणि त्याची शस्त्रक्रिया जिल्हा रुग्णालयात मोफत होते. 'डोळ्यात टाका, मोतीबिंदू विरघळतो' म्हणून विकल्या जाणाऱ्या थेंबांनी तो विरघळत नाही. गढूळ झालेलं भिंग काढून नवं बसवणं हाच त्यावरचा उपाय आहे.